दोन मिनिटं चालू राहू द्या

मित्रांनो, अड्याळच्या राईस मिलमागे टिनाची एक खोली आहे. तिथल्या फळीवर दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसल्यासारखं जे गंजकं लोखंड दिसतं, तो मी. एका जुन्या डिझेल मोटारीचा टर्बोचार्जर. नाव भारदस्त, पण काम साधं. इंजिनाचा वाया जाणारा धूर माझं एक चाक फिरवायचा आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबायचं. हवा वाढली की ताकद वाढते.

आमची मोटार खाणीवरच्या एका परदेशी साहेबाची. तो १९८१ साली मायदेशी परतला, तेव्हा मिलमालक भय्याजींनी ती घेतली. ती चालवायचे आणि दुरुस्तही करायचे जागेश्वर. मिलच्या फाटकासमोरच तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, चढ आहे. तिथे ते अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून मोजायचे, "एक..." दोन म्हणायच्या आत मी हवा दिलेली असायची. "लहान हाये, पण हाकेले ओ देते," असं ते म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी पुढे किती दिवस काढले!

भय्याजींना शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, भारी नाद. बैलजोडी थोराड हवी, तसा टर्बोही थोराड हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९८४ साली त्यांनी नागपूरहून मोठा टर्बो आणला आणि मला काढायला लावलं.

"याचं तोंड फडक्यानं बांधून ठेवतो, भय्याजी. माती जाईन," जागेश्वर म्हणाले.

"कायले? आता तो का कामाचा हाये?"

मी उघड्या तोंडानं फळीवर गेलो.

आता चढावरचं मोजणं माझ्याकडे आलं. भिंतीआडून ऐकायचो. एक, दोन, तीन, चार... मग कुठे मोठ्याचा श्वास सुरू व्हायचा. त्याचं चाक जड, फिरायला वेळ घ्यायचं. पण खोटं कशाला बोलू? एकदा फिरला की त्याची ताकद माझ्याहून कितीतरी जास्त होती. तरी रोज वाटायचं, आज मला बोलावतील. कोणी आलं नाही.

भय्याजी आता स्वतःच गाडी हाकायचे. भंडाऱ्याहून सुसाट यायचे आणि आल्याआल्या इंजिन बंद करायचे. इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि तापलेला दांडा कोरडाच गरगरतो.

"दोन मिनिट चालू राहू द्या ना. पटावरून आलेल्या बैलाले तुमी लगेच बांधता का?"

"बैल जिवाचा हाये, जागेश्वर. हे लोखंड हाये."

तिसऱ्या वर्षी मोठ्याचा दांडा किंचाळला आणि जागीच अडकला. मला आनंद झाला. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. जागेश्वरांनी मला उचललं आणि तोंडात बोट घातलं. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. त्यांनी ते तारेनं काढलं, तेल सोडलं, चाक ढकललं. मी सगळा जीव एकवटला. चाक हललं नाही.

"फिरते का?" भय्याजींनी दारातून विचारलं.

 खांद्यावरच्या दुपट्ट्याचा तुकडा फाडून जागेश्वरांनी माझं तोंड बांधलं आणि मला परत फळीवर ठेवलं. गाडी शेवटी पटाच्याच बैलजोडीनं ओढून नेली.

मित्रांनो, लांबून आलेली टर्बोची गाडी दोन मिनिटं चालू राहू द्या, मगच बंद करा. आणि एखादी वस्तू काढून ठेवाल, तर तिचं तोंड त्याच दिवशी बांधा. माझ्या तोंडावरच्या फडक्याला जागेश्वरांच्या घामाचा वास होता. आता तोही उरला नाही.