मसाला तीन हप्त्यांत

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात जेवणाची खोली एकच होती, आणि शुक्रवारी दुपारी तीही जाणार होती. स्वयंपाकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. मागे उरली एक शेगडी, एक मोठी किटली आणि चार लांबलचक बाकं. लोक इन्स्टंट नूडल्सची पाकिटं आणायचे, त्यांवर गरम पाणी ओतायचे आणि मशीनपाशी उभ्या उभ्या गिळून मोकळे व्हायचे. साहेबांनी दोन आठवडे हे पाहिलं. खोलीत कुणी बसतच नाही, तर तिथे रसायनांची पिंपं ठेवू, असं त्यांनी ठरवून टाकलं.

हे जिच्या जिवाला लागलं, ती प्रयोगशाळेत रंगाच्या छटा जुळवायची. सगळे तिला थेंबाताई म्हणत; चहात साखरसुद्धा ती मोजून घालते, असा तिचा लौकिक होता. तिच्या प्रयोगशाळेला खिडकी नव्हती. सकाळपासून वाफेत डोळे चुरचुरल्यावर अर्धा तास बूड टेकायला आणि चार माणसांत बोलायला तिला तेवढी एकच जागा होती. तिने साहेबांना विचारलं, शुक्रवारी खोली भरलेली दिसली तर? तर पिंपं मागच्या पत्र्याखाली ठेवू, साहेब म्हणाले, पण नूडल्स खायला बसतंय कोण?

मंगळवारी तिने एक वाडगं करून पाहिलं. शेंगदाण्याचं भरड कूट ठेचलेल्या लसणाबरोबर थेंबभर तेलात परतलं. कोबीचा दांडा, जो सगळे टाकून देतात, तो काड्यापेटीतल्या काड्यांइतका बारीक चिरला. उकळत्या पाण्यात फेटलेल्या अंड्याची धार सोडली. पाकिटातला मसाला मात्र एकदम ओतला नाही. रंगाच्या टाकीत मीठ घालतात तसा, तीन हप्त्यांत घातला. एकदम घातलं की कापडावर रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो. लिंबू शेगडी बंद केल्यावर. चव अशी जमली की तिने वाडगं पुसून खाल्लं आणि प्रमाण वहीत उतरवलं.

बुधवारी तिने वीस जणांची पाकिटं मागून घेतली, सगळं प्रमाण वीसपट केलं, पाणीही वीसपट, आणि सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. नूडल्स पडताच पाण्याची उकळी बसली ती परत यायला पंधरा मिनिटं लागली. तोवर आत लगदा झाला होता. रंगाची टाकी सांभाळणाऱ्या काकांनी डाव बुडवला, वर उचलला आणि लगदा थबथबा खाली पडताना शांतपणे पाहिला.

"थेंबाताई, हे खायचंय की कापडाला खळ द्यायचीय?"

खोली खो खो हसली आणि पाच मिनिटांत रिकामी झाली. काका तेवढे पातेलं घासायला थांबले.

"बीकरमधलं प्रमाण टाकीला जसंच्या तसं चालत नाही, हे मला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"मीच." तिचे कान तापले होते. गेली अकरा वर्षं ती प्रत्येक नवख्याला हेच बजावत आली होती.

"मग?"

"मग टाकीच नको."

गुरुवारी बाकावर पातेलं नव्हतंच. ज्याचं त्याचं वाडगं, त्यात किटलीचं पाणी, वर झाकण, तीन मिनिटं. पुढे ओळीने कूट, दांड्याच्या काड्या, दोघांत एक उकडलेलं अंडं, लिंबाच्या फोडी. मसाल्याचे तीन हप्ते ती स्वतः उभी राहून घालून घेई. घाई करणाऱ्याचा हात धरी. नियम एकच: वाडगं दाराबाहेर जायचं नाही, कारण चालता चालता कूट भिजून मऊ पडतं. नऊ जण बसले. पण परतलेल्या लसणाचा वास मशीनपर्यंत पोचला, आणि नऊ तोंडं दिवसभर गप्प बसणारी नव्हती.

शुक्रवारी लोक हात हलवत आले नाहीत. कुणी शिळा पाव कुसकरून कुरकुरीत भाजून आणला, कुणी कांद्याची पात, तर शिलाईवाल्या आजींनी उरलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तेलावर लाल करून आणल्या. पावाचा चुरा आधी कुणाला सुचला यावरून दोन बाकांत जुंपली. बाकं भरली, खिडकीची कड भरली, दोघे उलट्या बादल्यांवर बसले.

त्या गर्दीत साहेब मोजपट्टी घेऊन दारात उभे राहिले. पिंपांचा ट्रक बाहेर आला होता. पट्टी पसरायला जमीन दिसत नव्हती. काकांनी जेवता जेवता त्यांच्या हातात वाडगं दिलं. साहेब ते घेऊन ऑफिसकडे वळले.

"साहेब," थेंबाताई म्हणाली, "इथे बसून खायचं."

आजी बाकावर सरकल्या. साहेब बसले, आणि तिने सांगितलं तसा तीन हप्त्यांत मसाला घालून घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी फोन काढून ड्रायव्हरला पिंपं मागच्या पत्र्याखाली उतरवायला सांगितलं, आणि लगेच तोंड पुन्हा वाडग्यात घातलं.

खोलीत असा गलका उठला की किटलीची शिट्टी कुणाला ऐकू आली नाही. थेंबाताईने ती उतरवली आणि वही उघडून साहेबांसमोर धरली.

"सोमवारी दोन डझन लिंबं लागतील," ती म्हणाली. "आणि आणखी एक बाक."