शेवटच्या बाकापर्यंत

कानाचं यंत्र बिघडलं की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. गाण्याच्या मास्तरांचं तसंच झालं होतं. जन्मभर शाळेत मुलांना सूर शिकवले आणि आता नातीचं गाणं म्हणजे नुसते हलणारे ओठ!

दुकानात त्यांना सांगितलं, "याचे सुटे भाग येत नाहीत आता. नवीनच घ्या." शेजारणीचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं, तिलाही हेच उत्तर. तिसऱ्या कंपनीच्या दुकानात आणखी कुणाला, तेही अगदी त्याच शब्दांत!

हे एका वकीलबाईंच्या कानावर गेलं. व्यापाऱ्यांनी आतून हातमिळवणी करून ग्राहकाला कोंडीत धरू नये यासाठी जो कायदा आहे, तो लढवण्यात या बाईंची उमेदीची वर्षं गेलेली. त्या म्हणाल्या, "एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे एका सुरात गातात, तेव्हा तालीम कुठेतरी झालेली असतेच!" त्यांनी अशा सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकच दावा लावला. सर्वांचा प्रतिनिधी म्हणून नाव मास्तरांचं.

सुनावणी तोंडावर आली आणि मास्तरांच्या यंत्राच्या कंपनीचा निरोप आला. वकीलबाई तो घेऊन मास्तरांच्या घरी गेल्या. अशिलापासून निरोप लपवायचा नाही, हा त्यांचा धर्म. नातीच्या पाटीवर त्यांनी लिहिलं, 'नवं यंत्र फुकट, फक्त तुम्हाला, पण दाव्यातून नाव मागे घ्यायचं. घेतलंत तर सगळ्यांचा दावा बुडेल. निर्णय तुमचा.'

मास्तरांनी वाचलं आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "घेतो मी! किती दिवस असा दगडासारखा बसू?"

वकीलबाईंनी पाटी पुसून एवढंच लिहिलं, 'बरं.'

मास्तरांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. नवऱ्याच्या उजव्या कानात थोडंफार शिरायचं, तिथे तोंड नेऊन म्हणाल्या, "अहो, वर्गात पहिल्या बाकावरचं एक पोर सुरात आलं, की शाळा सोडून घरी यायचात का तुम्ही?"

"छे! भलतंच काय!"

"शेवटच्या बाकावरच्या पोराला सूर लागेपर्यंत हलायचा नाहीत. घंटा होऊन जायची, इकडे माझा चहा उकळून काढा व्हायचा! आणि आता? आपल्या कानापुरता सूर मिळाला की झालं? देवानं तुमचं नाव पुढे धरलंय, ते मागच्यांना आडोसा व्हावा म्हणून!"

नात दारात उभी होती. तिच्याकडे मास्तरांनी डोळे भरून पाहिलं. मग पाटी ओढून घेतली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'नको. सगळ्यांना मिळेल तेव्हाच मलाही.'

"धन्य आहे!" वकीलबाई एवढंच म्हणाल्या आणि काकूंच्या पाया पडल्या.

सुनावण्या लांबल्या. कंपन्यांच्या वकिलांनी आकाशपाताळ एक केलं. पण बंद दाराआड झालेली ती 'तालीम' वकीलबाईंनी साक्षीपुराव्यानिशी उघड केली. सुटे भाग कुठल्याही कारागिराला विकलेच पाहिजेत, असा निकाल लागला!

नाक्यावरच्या कारागिराने मास्तरांचं जुनं यंत्र दुरुस्त करून दिलं. घरी येऊन मास्तरांनी ते कानाला लावलं. समोर नात गात होती. ते ऐकता ऐकता आसवं गालांवर आली आणि मास्तर म्हणाले, "पोरी, गंधार उतरतोय गं तुझा!"

काकू पदराआड हसल्या. "घ्या! झाली शाळा सुरू!"

त्याच कारागिराच्या दुकानात एक अनोळखी म्हातारी आपलं यंत्र घेऊन निघाली होती. "ज्या कुणी हे केलं त्याचं देव भलं करो," ती पुटपुटली. शेजारीच उभ्या असलेल्या वकीलबाईंना ती ओळखत नव्हती. बाईंनीही ओळख दिली नाही. फक्त मनातल्या मनात हात जोडले, की देवा, हे काम माझ्या वाट्याला घातलंस, तुझे उपकार!

सज्जनहो, लुबाडणारे एकजूट करतात ती आपल्या 'मला काय त्याचं' या सवयीच्या जिवावर. ती सवय सोडू या. आपल्याला न्याय मिळाला की उठून न जाता, शेवटच्या बाकापर्यंत तो पोहोचेतो बसून राहू या. आणि आपल्यासाठी असं कुणीतरी, कधीतरी, नाव न सांगता बसून राहिलं होतं, त्याची आठवण ठेवू या!