लुसुंगूच्या छातीतला साप

वाडग्यात फस्सकन फेस उसळला आणि न्खाटा बे गावच्या सरोवरकिनाऱ्यावरची सगळी गर्दी मागे सरली.

"बघा, कसा फुत्कारतोय!" म्हांगो भगत ओरडला. "सरोवरातला पांढरा साप पोरीच्या पोटात शिरलाय. काळीज चाटतोय तिचं!"

माझी नात लुसुंगू घशाशी आलेलं पाणी नुकतंच त्या वाडग्यात थुंकून वाळूत गुडघ्यांवर बसली होती. पोहताना तिच्या घशाशी आंबट पाणी यायचं, छातीत निखारे पेटायचे, निम्म्यातच दम तुटायचा. शनिवारी परीक्षा होती. खडकापर्यंत पोहून परत यायचं. जमलं तर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या पथकात नोकरी, नाहीतर तंबाखूचा मळा. तिची मोठी बहीण त्याच मळ्यावरून खोकत परत आली होती.

भगताने मासे विकणाऱ्या लठ्ठ अग्नेसला पुढे बोलावलं. "आता तू थुंक." ती थुंकली. वाडगा गप्पच.

"पाहिलंत? हिच्यात साप नाही!"

"हिच्यात जागाच कुठं उरलीय!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. लुसुंगूची आई, माझी लेक टेम्वा, तेवढी हसली नाही.

मग भगताने पोरीला पांढरं पाणी पाजलं. "आई, आग थांबली गं," लुसुंगू म्हणाली. झालं! टेम्वाने भगताच्या पायांवर लोळण घेतली.

"झोपलाय तो, गेलेला नाही," भगत म्हणाला. "उपाशी साप जास्त चावतो. पाण्यात उतरायच्या आधी त्याला भरपूर चार. कसावा कंदाच्या पिठाचा मोठा गोळा, मिरचीतले मासे. आणि तुमची होडी माझ्या दारात आणून लाव. तिच्यातून तो परत जाईल."

"सापाला होडी कशाला?" मी विचारलं. "पोहता येत नाही होय त्याला?"

"बाबा, गप्प बसा!" टेम्वा किंचाळली. "पोरगी जाईल माझी!"

तिचं तरी काय चुकलं? रिकाम्या पोटाला पाणी ओढून नेतं, असं आम्ही सगळेच पोराबाळांना सांगत आलो. आमच्याकडे जेवल्याशिवाय कुणी सरोवरात उतरत नाही. टेम्वाने गोळा दुप्पट केला. लुसुंगू रडत गिळायची, पाण्यात उतरायची आणि आणखी लवकर माघारी फिरायची. गुरुवारी तर तिला आमच्याच होडीत ओढून घ्यावं लागलं; होडी मी अजून भगताला दिली नव्हती.

"आजोबा, मी मळ्यावरच जाते," ती म्हणाली. "मला बुडायचं नाही."

मी तडक दवाखान्यात गेलो आणि न्याफिरी डॉक्टरीणबाईंना किनाऱ्यावर घेऊन आलो. भगताने पुन्हा वाडगा मांडलाच होता. बाईंनी लुसुंगूला विचारलं, काय खातेस, कधी खातेस, जळजळ कधी होते. मग अग्नेसच्या पाटीतलं एक लिंबू घेऊन त्यांनी वाडग्यात पिळलं.

फस्सकन फेस!

"काय हो भगत, लिंबालाही सापाने धरलंय का?"

"बाईंनी मंत्र टाकला!"

"मंत्र कसला? तळाला खायचा सोडा पसरलाय. आंबट पडलं की तो फसफसतो. पोटातून वर आलेलं पाणी आंबट, नुसती थुंकी आंबट नसते, म्हणून अग्नेस थुंकली तेव्हा फेस आला नाही. पाजलंत तेही सोड्याचंच पाणी. आग घटकाभर विझते, दुखणं जागेवरच."

भगत वाडगा उचलायला वाकला, तर अग्नेसने त्यात पाय ठेवला. "थांबा की. आता तुम्ही थुंका, बघू!"

बाई टेम्वाकडे वळल्या. "होडीत माणूस जेवूनही ताठ बसतो, पोहताना आडवा होतो. भरली घागर आडवी केली तर?"

"सांडेल."

"हिचं तेच होतंय. पोहण्याच्या तीन तास आधी थोडंसं खायचं, मिरची आणि तेलकट नको. जेवून लगेच झोपायचं नाही, खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायची. पोहताना पाण्यात श्वास सोडत राहायचं, हवा गिळायची नाही. गोळ्या मी देते. घास अडकला, रक्त पडलं, तर थेट दवाखाना."

"आणि पाण्यानं ओढली तर?" टेम्वाने विचारलं.

"परीक्षेत मागे पथकाची बोट असते ना. आणि ती उपाशी नसते ताई, खाल्लेलं पचलेलं असतं."

शनिवारी लुसुंगू पहाटेच थोडी पेज प्यायली आणि तीन तासांनी पाण्यात उतरली. टेम्वा कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. दोन दिवसांत आग पुरती थोडीच जाते! खडकाजवळ पोरगी थांबली. ती तिथंच उभी तरंगली, सावकाश श्वास सोडला आणि वळली. काठाला लागली ती शेवटून दुसरी, पण वेळेत लागली. पथकात तिचं नाव पुकारलं.

लोकहो, या पोरीला साप बुडवत नव्हता. आमची माया आणि आमचा न तपासलेला समज तिला बुडवत होते. म्हणून सांगतो, दुखलं तर आधी विचारा, कधी दुखतं, काय खाल्ल्यावर, काय करताना. आणि ज्याला तुमचे प्रश्न सोसत नाहीत, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.