उसनं अस्वल

सुलतानपुरात क्रोशाचं काही करून हवं असलं, की लोक सरळ मनकर्णाबाईचं घर दाखवतात. तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळांची टोपरी, निम्म्या गावाच्या टीव्हींवरची झाकणं, सगळं तिच्याच सुईतून उतरलेलं. टीव्ही भिंतीला चिकटले तशी झाकणं गेली, पण नाव राहिलं. नात मयुरी तर आजीच्या कामाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची आणि खाली लिहायची, ‘माझी आजी लग्नाच्या आधीपासून विणते. तिच्या रुखवतात तिनं स्वतः केलेलं अस्वल होतं.’

यातलं पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसरंही.

हे आता जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मनकर्णाबाई, दुसरी दुसरबीडची चांगुणा. एकाच रस्त्यावरची दोन गावं, एसटीनं तासाभराची वाट, आणि त्रेचाळीस वर्षांत दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. जालन्याला जाताना दुसरबीडचा थांबा आला की मनकर्णाबाई खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. गाडी सुटली की शोध संपायचा.

चैत्रात माहेरच्या, म्हणजे देऊळघाटच्या ग्रुपवर एक पत्रिका आली. चांगुणाच्या नातीचं, प्रतीक्षाचं लग्न. चांगुणाच्या भावानं सगळ्या गावाला टाकली होती, त्यात मनकर्णाबाईही आली. मनकर्णाबाईनं चष्मा पुसून ती तीनदा वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, “मले तपकिरी लोकर आणून द्या.”

शंकरराव वांग्याचे कॅरेट भरत होते. “ह्या उन्हात लोकर? कोणाले थंडी वाजून राह्यली वं?”

“अस्वलाले,” ती म्हणाली आणि आत गेली.

आता थोडं मागं जायला हवं. देऊळघाटात मनकर्णा आणि चांगुणा भिंतीला भिंत लागून वाढल्या. पलीकडच्या जंगलातून बोरांच्या दिवसांत अस्वल शेतात उतरायचं, म्हणून पोरींना सांजवेळी बाहेर सोडत नसत. मनकर्णा नुसत्या नावानं घाबरायची. चांगुणा वेगळ्या मातीची. ती बुलढाण्याच्या शिवणवर्गात दोन महिने जाऊन क्रोशा शिकून आली आणि आल्याआल्या तिनं काय करावं, तर वीतभर उंचीचं अस्वल! म्हणाली, “घे, याले भेत जा आता.”

काय देखणं जनावर होतं ते! पोटात घरचा कापूस, तोही सरकीसकट, त्यामुळं दाबलं की बोटांना खडे लागायचे. आणि त्याचे कपडे! लाल झबलं, हिरवी कुंची, आणि बापाच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणं लावलेलं पिवळं स्वेटर. सगळं अंगातून काढता यायचं, पुन्हा घालता यायचं. कुंचीला कानांसाठी दोन भोकं होती; चांगुणा म्हणायची, “कान झाकले तं त्याले आपलं बोलणं कसं ऐकू येईन?” दोघींनी त्याचं बारसं केलं, गूळ-फुटाणे वाटले आणि नाव ठेवलं कडूबा. थंडीत त्याला स्वेटर, उन्हाळ्यात नुसतं झबलं. लग्नाच्या वयाच्या दोन घोड्या दुपारी दाराआड बसून बाहुल्याला कपडे घालत बसायच्या, हे कुणी पाहिलं असतं तर दोघींच्याही आयांनी कपाळ बडवलं असतं.

आधी लग्न ठरलं मनकर्णाचं. तेव्हाचं रुखवत म्हणजे नवरीच्या हाताची परीक्षा, आणि मनकर्णाच्या हातात होतं काय? साधी साखळी घालायची म्हटली तरी दोरा घामानं काळा व्हायचा. पण त्यावर गावाची एक रीत होती. साऱ्या गल्लीनं आपापल्या वस्तू उसन्या द्यायच्या. प्रत्येक उसन्या वस्तूला काळा दोरा बांधायचा. रुखवत बघून झालं, की वऱ्हाड जेवायला बसल्यावर दोऱ्याच्या वस्तू मुकाट्यानं मागच्या दारानं परत घरोघर जायच्या. सगळ्यांना माहीत असायचं, कुणीच बोलायचं नाही. झाकली मूठ.

चांगुणानं कडूबा दिला. पंधरा दिवसांनी तिचं स्वतःचं लग्न होतं. तेव्हा तो तिच्या रुखवतात बसणार होता. मनकर्णानं स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला. मग तिला ते बरं दिसेना. तपकिरी पोटावर काळा दोरा, म्हणून तिनं वरून झबलं ओढून नीट सारखं केलं. झालं! मागच्या दारानं वस्तू काढणाऱ्या बायकांना दोरा दिसला नाही. अस्वल मुलीचंच समजून त्यांनी ट्रंकेत भरलं आणि ट्रंक सुलतानपूरला गेली.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते.

आठ दिवसांनी मनकर्णाला माहेरी न्यायला तिचा भाऊ आला, सोबत चांगुणा. तोवर सासूनं, अन्नपूर्णाबाईनं, कडूबाला समोरच्या कोनाड्यात बसवलं होतं आणि येईल त्या बाईला दाखवत होती, “माह्या सुनेच्या हातचं हाय.” चांगुणा मोकळ्या मनाची. कोनाड्याकडं बघून हसली अन् म्हणाली, “मावशी, हे तं माह्यं अस्वल. चुकून आलं इकडं. न्यायले आली मी.”

सासूनं सुनेकडं पाहिलं. “काय वं? इचं हाय हे?”

घरात चार बायका बसलेल्या. आठ दिवसांची नवी नवरी. मनकर्णाला वाटलं, आत्ता हो म्हटलं तर रुखवतातल्या साऱ्याच वस्तूंची चौकशी होईल, बापाची मान खाली जाईल, जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. तिनं पायाच्या अंगठ्याकडं बघत सांगितलं, “नाही. म्याच केलं हाय.”

चांगुणा तशीच उंबऱ्याबाहेर पडली. तोंडाचा रंग उतरला होता. त्या दुपारी मनकर्णानं झबल्याखाली हात घालून तो काळा दोरा तोडला आणि चुलीत टाकला. ती चूक नव्हती.

वाईट गोष्टीला पाय फार लवकर फुटतात. ‘दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवणारी पोरगी’ ही कीर्ती अन्नपूर्णाबाईच्या तोंडून निघाली आणि चांगुणा नवरी होऊन दुसरबीडला पोहोचायच्या आधी तिच्या सासरी जाऊन बसली. तिनं त्यानंतर क्रोशाची सुई हातात धरली नाही म्हणे.

आणि इकडं खोट्यानं मनकर्णाला कामाला लावलं. “येतंच तुले, तं नणंदेच्या पोराले टोपरं कर,” सासू म्हणाली. नाही कसं म्हणणार? मग दळणाच्या निमित्तानं रोज गावातल्या शाळेच्या मास्तरीणबाईंकडं जायचं, डोळ्यांत पाणी आणून एकेक टाका शिकायचा. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिला क्रोशा आला तो असा. पुढं तो आवडायलाही लागला, ही गोष्ट निराळी. कडूबाला नणंदेचा पोरगा घेऊन गेला, त्यानं कान चावले, कपडे एकेक करून हरवले, शेवटी अस्वल विहिरीत पडलं. सासू वारली तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण तोवर ते खोटं घरातल्या भांड्यासारखं वापरातलं झालं होतं.

तर आता तपकिरी लोकर आली. मयुरीनं मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई कोणत्या भाषेत बोलत होती देव जाणे, पण हात कळत होते. साखळीचं कडं, त्यात खांब, दर फेरीला टाके वाढवत न्यायचे, मग कमी करत आणायचे. पहिल्यांदा करायला गेली गणपती आणि झाला मारुती, शंकरराव म्हणाले, “हे तं आपल्या सरपंचासारखं दिसून राह्यलं.” तिनं ते अख्खं उसवलं. दुसरं साधलं. डोकं, पोट, चार पाय, कान. पोटात मऊ पिंजलेला कापूस भरला.

कपड्यांशी मात्र हात अडायला लागला. झबल्याचा घेर किती होता? कुंचीची झालर पुढून की सगळीकडून? आठवायला गेलं की झबल्याऐवजी चांगुणाच आठवायची. दारातून येणारी दुपारची तिरीप, तिच्या ओठांत धरलेला दोरा, फुटाण्याचा वास, तिचं ते मोठ्यानं हसणं. मनकर्णाबाईला त्रेचाळीस वर्षांत मैत्रिणी कमी झाल्या नव्हत्या; भजनी मंडळ होतं, बचत गट होता. पण कान उघडे ठेवून अस्वलाला कुंची घालणारी पुन्हा कुणी भेटली नव्हती. एका दुपारी कुंचीचं दुसरं भोक घालताना ती भडभडून रडली. मयुरी घाबरून धावत आली.

“काय झालं आजी?”

“लोकर गेली डोळ्यात.”

“नवरीसाठी एवढं कोण करतं आजी? ऑनलाइन दोनशेला मिळते टेडी.”

“मिळू दे,” आजी म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला चांगलं जमत होतं. पण लग्नात काय बोलायचं, हे तिनं ठरवलं होतं, आणि ते मयुरीसमोर बोलावं लागणार, या विचारानं तिला रात्रीची भाकर गोड लागत नव्हती. चांगुणा चारचौघांत तोंड फिरवेल, हाकलून देईल, हे तर होतंच. पण ही पोरगी आपल्याकडं ज्या डोळ्यांनी बघते, ते डोळे उद्या तसे राहतील का?

लग्नाच्या दिवशी आजी-नात दुसरबीडला उतरल्या. मंडपात एका अंगाला रुखवत मांडलं होतं, थर्माकोलची बैलगाडी, विहीर, सप्तपदीचे कलश, वर लुकलुकते दिवे. सगळं जालन्याहून भाड्यानं आलेलं. संध्याकाळी टेम्पो येऊन घेऊन जाणार होता. काळ्या दोऱ्याची भानगडच नाही. शेजारी खुर्चीवर चांगुणा बसली होती. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. तिनं मनकर्णाला पाहिलं, ओळखलं आणि नजर बैलगाडीकडं वळवली.

मनकर्णाबाईनं पिशवीतून अस्वल काढून टेबलावर ठेवलं. लाल झबलं, पिवळं स्वेटर, हिरवी कुंची. बायका जमल्या. “अगं बाई! कोणी केलं वं?” एकीनं विचारलं.

मयुरीनं फोटोसाठी मोबाइल वर केलाच होता. “माझ्या आजीनं! तिच्या रुखवतातही अस्संच होतं.”

“मयुरी, थांब,” मनकर्णाबाई म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली. “माह्या रुखवतातलं अस्वल या चांगुणाचं होतं. उसनं आणलं होतं. ही ते न्यायले आली, तं म्या सासूसमोर सांगितलं का म्याच केलं. मले तवा साखळीबी घालता येत नोती. इच्या नावाले जो बट्टा लागला, तो माह्यामुळं लागला. ही खरी होती. खोटी मी होती.”

 मयुरीचा मोबाइल हळूहळू खाली आला. आजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

चांगुणानं हात पुढं केला. कुणीतरी अस्वल उचलून तिच्या मांडीवर दिलं. तिनं आधी कुंची काढली, भोकांतून बोट घालून पाहिलं. मग स्वेटर, मग झबलं. उघड्या अस्वलाला तिनं दोन्ही हातांनी दाबलं.

“सरकी नाही टाकली,” ती म्हणाली.

“आता कुठं मिळते सरकी घरात.”

“इतके वर्षं लागले तुले?”

“लागले.”

“माही सासू मरेपर्यंत कपाटाले कुलूप लावे, मनू. माह्यामुळं.” चांगुणाचा आवाज फाटला. “मी कोणाले सांगू?”

 मनकर्णाबाई मंडपातल्या सतरंजीवर, चांगुणाच्या खुर्चीच्या पायाशी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. क्षमा मागायची होती, ती शब्दांत जमलीच नाही. मयुरी जवळ आली. तिनं आजीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

तेवढ्यात चांगुणाची सून, प्रतीक्षाची आई, लगबगीनं आली. “आत्या, द्या ना ते अस्वल, मधोमध ठेवतो. नवरदेवाकडचे पाह्यले येऊन राह्यले.”

“नाही,” चांगुणा म्हणाली. “हे रुखवतात नाही बसणार.”

“काऊन?”

“रुखवतात गेलं का वापस येत नाही.”

बायकांत हशा पिकला. मनकर्णाबाईलाही रडता रडता हसू आलं आणि त्याची तिला लाज वाटली. चांगुणा मात्र हसली नव्हती. ती अस्वलाला झबलं घालण्यात गढली होती. मग स्वेटर घातलं. बटण बारीक होतं, बोटं आखडलेली, दोनदा निसटलं. मनकर्णाबाईनं खालून हात पुढं केला.

चांगुणानं तिच्या हातावर चापट मारली. “राहू दे. माह्यं हाय. म्या लावतो.”

बराच वेळ लागला. स्टेजवर भटजींनी अंतरपाट धरला, अक्षता वाटणारे तिच्या ओटीत अक्षता टाकून गेले, तरी तिचं दुसरं बटण चालूच होतं. ते लागल्यावर तिनं कुंची चढवली, भोकांतून दोन्ही कान बाहेर ओढले, अस्वल पदराखाली घेतलं आणि आपल्या ओटीतल्या निम्म्या अक्षता मनकर्णाबाईच्या हातात दिल्या.