वाळूची पोती

पटाशी पुन्हा अडकली, खट् झालं, आणि फिरत्या वाडग्यावर आणखी एक खळगा पडला. डेल नीमीनं लाकूड कातायचं लेथ बंद केलं. लाकूड थांबलं, हात मात्र अजून झिणझिणत होते. कुणी पाहायच्या आत लपवावेत तसे त्यानं ते मांडीवर दाबून धरले.

त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी करवतीची रेघ वाकडी, मग सूपचा चमचा वाटेतच रिता. शेवटी शेवटी डेलच त्याला भरवायचा. आता डेलचं वयही तिथंच येऊन टेकलं होतं.

शाळेची बस चालवणं सुटल्यावर त्यानं ही एवढीच हौस केली होती. लेथ कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानातून आणलेलं, पत्र्याच्या पायांचं. पटाशा तीन घरच्या तीन. लाकूड सरपणातलंच, बर्चचं. आणि हात थरथरतात हे या हौसेनंच दाखवून दिलं. हल्ली त्याची बायको मार्लीन त्याला कॉफी अर्धाच कप ओतायची. का, ते तिनं सांगितलं नव्हतं; त्यानंही विचारलं नव्हतं.

दार ढकलून शेजारचा रूडी गॅरेजात आला. त्याच्यामागून सुपिरियर सरोवरावरचा वारा शिरला.

"हा वाडगा आहे की मक्याचं कणीस?"

"हात राहिले नाहीत रे आता." डेल हे पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"चालू कर बघू. आणि हात मागे घे."

डेलनं कळ दाबली. लेथ घुमू लागलं. त्याच्याशेजारी ठेवलेला खिळ्यांचा डबा कुणीही हात न लावता सरकत सरकत कडेशी आला आणि खळ्ळकन खाली पडला.

रूडी हसतच सुटला. "लेथ आहे की कपडे पिळायचं मशीन? अरे घोड्या, तू नाही, हे थरथरतंय! खाली वजन नको का? पिकअपमधली वाळू काय बर्फाला ओवाळायला ठेवलीयस?"

बर्फावर गाडी घसरू नये म्हणून मागे टाकलेली वाळूची पोती दोघांनी ओढत आणली, पत्र्याच्या पायांमधल्या फळीवर रचली.

डेलनं श्वास रोखून पटाशी टेकवली. लाकूड आधी कुरकुरलं, मग गुणगुणू लागलं. कीस सुटला, लांब, सलग, सायीसारखा मऊ. मनगटावरून ओघळून बाहीच्या घडीत साचला. खळगे एकेक करत विरून गेले. लेथ थांबवल्यावरही डेल दोन्ही हात समोर धरून उभाच राहिला.

"बघतोस काय?"

"काही नाही. माझेच आहेत."

रूडी गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. मार्लीननं कॉफी ओतली, अर्ध्यावर थांबली.

"भर."

"सांडेल, डेल."

"भर गं."

तिनं कप काठोकाठ भरला. त्यानं तो उचलला, सावकाश ओठांपर्यंत नेला, घोट घेतला, खाली ठेवला. टेबल कोरडंच होतं.

मार्लीननं पाठीमागे मुठीत धरलेलं फडकं हळूच खुंटीला अडकवलं, आणि किटलीत आणखी पाणी घातलं.