नववं नाव

साबणाचा कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षं झाली होती, तरी त्याच्या भिंतीला हात लावला की बोटं अजून बुळबुळीत व्हायची. त्याच कारखान्याच्या मागच्या गोदामात मोठ्या बाईंची शाळा भरायची. नाव मोठ्या बाई, पण धाकट्या बाई अशा कुणी तिथं कधी टिकल्याच नव्हत्या. येत, महिना-दोन महिने शिकवत, कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला की नाकाला रुमाल लावत, आणि एके दिवशी येत नसत. उरायच्या त्या मोठ्या बाई, आणि त्यांचे यजमान. यजमान गॅरेजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. मोडके बाक दुरुस्त करायचे, पंप चालू करायचे आणि मुलांची भांडणं सोडवायचे. "मी शाळेचा शिपाई, आणि घरी मुख्याध्यापिकेचा नवरा. दोन्हीकडे हुकूमच ऐकतो," असं ते येईल त्याला ऐकवायचे.

मुलं सगळी कचरा डेपोमागच्या वस्तीतली. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी साठ आली होती. कुणी कामाला गेली, कुणाचं बिऱ्हाड हललं, दोघं तापानं गेली. गळत गळत नऊ राहिली. मागून खालच्या वर्गांत नवी मुलं येत राहिली, पण पहिल्या दिवसाची ही नऊ आता दहावीला होती. शाळेला मान्यता नसल्यामुळं ती बाहेरून परीक्षेला बसणार होती, पण बसणार होती. वस्तीतून आजवर एकही मूल त्या परीक्षेपर्यंत पोचलेलं नव्हतं.

त्या नवांत सगळ्यात हुशार मुलगी म्हणजे मुंगी. अंगानं एवढीशी, पण धरलेलं सोडायची नाही, म्हणून पहिलीतच हे नाव पडलं. सकाळी बापाबरोबर भंगार निवडायची आणि मग शाळेत यायची. गणितात बाईंच्याही चुका काढायची. बाईंना मूलबाळ नव्हतं. मुंगीवर आपला जरा जास्त जीव आहे हे त्या कुणापाशी कबूल करत नसत, आणि लपवताही येत नसे.

परीक्षेला महिना उरला असताना नियम आला. अर्जासोबत जन्माचा दाखला जोडलाच पाहिजे. आणि नवांपैकी एकाकडेही दाखला नव्हता. दवाखान्यात जन्मलं होतं कोण?

बाई जन्मनोंदणीच्या कचेरीत गेल्या. चार दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्या. शेवटी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता.

"उशिराची नोंद करता येते, बाई. जन्माच्या वेळी जो हजर होता त्याची साक्ष हवी. डॉक्टर, नर्स, नाहीतर सुईण. आईबापांची चालत नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आणा. नंतर माझ्या हातात काही नाही."

शुक्रवारला तीन दिवस होते.

वस्तीत सुईण एकच होती. सगळे तिला आजी म्हणायचे. डोळ्यांनी आता अंधुक दिसायचं, पण हात अजून मजबूत होते. बाईंनी तिच्या झोपडीत नऊही मुलांना ओळीनं बसवलं. आजी एकेकाचं डोकं चाचपायची आणि आईचं नाव विचारायची.

"हा? हा पायाळू. पाय आधी घालून आला. पूर आला होता, पाणी उंबऱ्याला लागलं होतं. एका हातानं याला ओढलं, दुसऱ्या हातानं चूल वाचवली."

"ही कारखान्याचा बॉयलर फुटला त्या दुपारची. आवाज झाला आणि ही बाहेर. आम्ही म्हटलं, पोरगी एवढ्या जोरात आली की काय!"

"आणि हा जन्मला तेव्हा रडलाच नाही. दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठं सूर लागला. अजून कमीच बोलतो ना?"

मुलं हसत होती. बाई भराभर लिहून घेत होत्या. पूर कधी आला, बॉयलर कधी फुटला, हे कागदोपत्री सापडणार होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना घशाखाली पाणी उतरल्यासारखं वाटलं.

मग मुंगीची पाळी आली. आजीनं डोकं चाचपलं आणि हात काढून घेतला.

"ही माझ्या हातची नाही."

ते बाईंनाही ठाऊक होतं. मुंगीचा बाप बायकोला घेऊन दुरून चालत या वस्तीकडे येत होता. वाटेतच बायको बाळंत झाली. ती त्यातच गेली, आणि तो महिन्याभराची पोर छातीशी धरून एकटा इथं पोचला. कुठलं गाव, कुठला दिवस, त्याला काही सांगता येत नव्हतं. "थंडी होती," एवढंच तो म्हणायचा.

बाईंनी मुलांना बाहेर पाठवलं आणि आजीचे हात धरले.

"आजी, आठ खऱ्या साक्षींत एक खपून जाईल. पोरीचं आयुष्य आहे हो."

"बाई, या हातांनी वस्तीतली निम्मी माणसं जगात आणली. लिहितावाचता येत नाही मला. हा अंगठा तेवढा माझा. एकदा खोटा उठला की बाकीचे आठही खोटे. तू शिकलेली आहेस, तुला कळायला हवं."

बाईंना कळत होतं. कळलेलं वळत मात्र नव्हतं. घरी यजमान म्हणाले, "अगं, आठ तर तरून जातील. हिला पुढच्या वर्षी बसवू."

"पुढच्या वर्षी कुठून आणणार साक्षीदार? मेलेली आई उठून येणार आहे का?" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की यजमान ताटावरून उठले. दोन दिवस बाईंनी धड खाल्लं नाही. दगडाला पाझर फुटेल म्हणून त्या आणखी दोन कचेऱ्यांत जाऊन आल्या, पण सगळीकडे हात हलवत परतल्या.

शुक्रवारी सकाळी सगळी वरात कचेरीत पोचली. आजीला यजमानांनी हाताला धरून जिना चढवला. मुलं धुतलेले कपडे घालून बाहेरच्या बाकावर ओळीनं बसली. एकेकाला आत बोलावत, आजी सांगायची, कारकून जुन्या नोंदींशी पडताळून पाहायचा, साहेब मान हलवायचे, आजी अंगठा उठवायची. आठ कागद झाले. कारकूनसुद्धा रंगला होता. "आजी, माझ्या जन्माचं काही आठवतं का?" त्यानं विचारलं.

"तू माझ्या हातून आला असतास तर नाक इतकं बसकं राहू दिलं नसतं," आजी म्हणाली. साहेबही हसले.

"नववं?" त्यांनी विचारलं.

मुंगी आत येऊन दाराशी उभी राहिली. आजीनं शाईचा अंगठा पदराला पुसला. आणि बाईंच्या तोंडून शब्द निघून गेले.

"हिची साक्षीदार मी. हिच्या जन्माच्या वेळी मी हजर होते."

यजमानांनी चमकून पाहिलं. मुंगीनंही.

"कुठं?" साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

"शाळेतच. मागच्या खोलीत. हिच्या आईला अचानक कळा सुरू झाल्या, आणि..."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी वरचा कागद उलटून पाहिला. "शाळा सुरू होऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

"अकरा."

"आणि मुलगी?"

वजाबाकी बाईंनी तेव्हा केली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई.

साहेबांनी आठही कागद गोळा केले, फाईलमध्ये घातले आणि फाईल बंद केली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी नियम वाकवून बसलो होतो, बाई. एका आंधळ्या म्हातारीच्या शब्दावर सह्या करणार होतो. आता मी काय समजू? हे आठ तरी खरे कशावरून?"

"ते खरे आहेत, साहेब. देवाशप्पथ खरे आहेत."

"मघाचंही खरं म्हणूनच सांगत होतात."

बाईंनी हात जोडले. काय बोलत होत्या ते त्यांनाच कळत नव्हतं. मुलांची अकरा वर्षं, पोरांच्या आया, माझी चूक, मला शिक्षा करा, असं काहीबाही. आजी खुर्चीतून उठली आणि चाचपडत टेबलाशी आली.

"साहेब, मला हिनं खोटं बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. म्हणून ते पाप तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. माझे आठ अंगठे तरी त्यात बुडवू नका."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मग साहेबांनी एक कोरा कागद बाईंच्या पुढं सरकवला.

"लिहून द्या. नववी साक्ष खोटी होती, ती मी मागे घेते, आणि या मुलीचं नाव यादीतून काढावं. तेवढं दिलंत तर आठांचं बघतो."

बाईंनी पेन घेतलं. त्यांना पहिली ओळ सुचेना. 'मी खाली सही करणारी' एवढं लिहून हात थांबला. यजमान पुढं आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, तरी हात हलेना. बारा वाजायला दहा मिनिटं उरली होती. बाहेर बाकावर आठ जण होते.

"लिहा ना, बाई," दारातून मुंगी म्हणाली.

बाईंनी लिहिलं. मुंगीचं नाव लिहिताना कागदावर शाई पसरली. कारकुनानं ती टिपकागदानं टिपून घेतली.

परत येताना मुलं दबकत दबकत आनंदात होती. मुंगी सगळ्यांच्या पुढं, एकटीच, झपाझप चालत होती. चौकात ती शाळेकडे न वळता वस्तीकडे वळली. बाईंनी हाक मारली नाही.

ती परत आलीच नाही. एक आठवडा, दोन, तीन. बाईंनी निरोप पाठवले, यजमान दोनदा जाऊन आले. "कामावर आहे म्हणते," एवढंच सांगून ते पंपाशी खुडबुड करत बसायचे. बाई आठांची तयारी करून घेत होत्या, पण एखादं अवघड गणित फळ्यावर मांडलं की सवयीनं उजवीकडच्या पहिल्या बाकाकडे बघायच्या.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी बाईंनी आठही मुलांना केंद्रावर सोडलं आणि तशाच थेट भंगाराच्या आवारात गेल्या. मुंगी तारांच्या ढिगाऱ्यात बसून सुरीनं वायरचं रबर सोलत होती. बोटं काळी झाली होती. बाप बाईंना बघून उठला.

"आता आणखी कशाला ओढताय तिला?" तो म्हणाला. रागानं नाही, विनवल्यासारखं. "मोठ्या मुश्किलीनं रडायची थांबली आहे."

"मला तिच्याशी दोन शब्द बोलू द्या."

तो बाजूला झाला. बाई खाली बसल्या. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत आल्या होत्या, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?"

मुंगीनं उरलेली वायर सोलून संपवली. तांबं एका डब्यात टाकलं, रबर दुसऱ्यात.

"तुम्ही खोटं बोललात त्याचा नाही," ती म्हणाली. "पण इतकं चुकीचं बोललात, बाई! सोळातून अकरा वजा करायला तुम्हीच शिकवलं होतंत मला."

बाईंना हुंदका आवरेना. मुंगीनं त्यांना रडू दिलं, जवळ आली नाही. नंतर म्हणाली, "आज भाषेचा पेपर ना? प्रश्नपत्रिका मुलं घरी आणतात?"

"आणतात."

"मला द्या. मला लिहायचा आहे."

दुपारी गोदामात उजवीकडच्या पहिल्या बाकावर मुंगी बसली. यजमानांनी तिला हात धुवायला साबण दिला होता, पण तांब्याचा काळेपणा पुरता निघाला नव्हता. बाईंनी दुमडलेली प्रश्नपत्रिका तिच्यापुढं ठेवली, घड्याळ लावलं, आणि परीक्षेत फिरतात तशा बाकांमधून तीन तास फिरत राहिल्या. एकदाही तिच्या वहीत डोकावल्या नाहीत. यजमान दारात स्टूल टाकून बसले, कुणाला आत येऊ देत नव्हते. वेळ संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा, लेखण्या खाली ठेवा," आणि मुंगीनं पेन ठेवलं.

बाईंनी तिच्यासमोरच पेपर तपासला. कंजूषपणे गुण दिले, बोर्डाचे परीक्षक देतात तसे. एका निबंधाला दोन कापले, शुद्धलेखनाचे तीन कापले. बेरीज केली, आणि यावेळी दोनदा पडताळली.

"ब्याऐंशी."

मुंगीनं वही ओढून घेतली आणि कुठं गुण कापले ते पाहिलं.

"याचा काही उपयोग होईल, बाई?"

यजमान दारातून वळून बघायला लागले. होईल, असं म्हणणं किती सोपं होतं. बाईंच्या ओठावर ते आलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही होणार. तू जन्मलीस त्या गावचं कुणीतरी सापडेपर्यंत तर नाहीच. मी शोधणार आहे. पण सापडेल असं वचन मी तुला देत नाही."

मुंगीच्या चेहऱ्यावरून बाईंना काही कळेना. तिनं वही मिटली, बाकावर सांडलेले वायरच्या रबराचे कण हातानं झटकले आणि उठली. दाराशी गेल्यावर यजमानांनी पाय आखडून वाट दिली.

"उद्या बीजगणित आहे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"बापाला सकाळचं काम जास्त आहे. मी तीनला येईन."

ती गेली. बाई तिथंच उभ्या राहिल्या. यजमानांनी स्टूल उचललं, आत आणून ठेवलं, आणि पंप चालू करायला गेले, कारण टाकीत पाणी नव्हतं आणि लहान मुलांचा वर्ग भरायची वेळ झाली होती.