हातचं राखून

दोन तासांच्या आत एकवीस किलोमीटर. एवढंच हवं होतं मला. फोटो नको, सत्कार नको, ऑफिसच्या मेलमध्ये नाव तर अजिबातच नको. विश्रांतवाडीत राहणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसून लोकांची सॉफ्टवेअरं वेळेत पोचवणाऱ्या, चाळिशीच्या बाईला एक गोष्ट निव्वळ स्वतःसाठी हवी होती, आणि मी ही निवडली. आमच्या माहेरी हौसेने कुणी पळालंच नव्हतं. वडील पळायचे ते बस पकडायला.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. त्या वर्ध्याच्या. पहाटे मी बूट चढवायला लागले की अंथरुणातूनच विचारायच्या, "काहून पळतं व चैताली? मागं कोन लागलं तुह्या?"

मागे सगळेच लागले होते, पण ते त्यांना कुठे सांगत बसू? डबे, लेकीची, म्हणजे अपेक्षाची, शाळा, ऑफिस, अमेरिकेतल्या क्लायंटचे संध्याकाळचे कॉल. पहाटेचा वेळ तेवढा कुणी मागितला नव्हता, म्हणून तो मी घेतला.

वर्षभर आळंदी रोडने येरवड्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आमच्या गटाला सराव द्यायचे ते बद्रीनाथकाका. कसबा पेठेतले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कौतुक हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. पहिल्या दिवशी माझं पळणं संपेपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "छान. फिरून झालं असेल तर आता पळायला लागा." मला राग आला आणि बरंही वाटलं. घरी-ऑफिसात माझ्याशी सगळे गोड बोलत, कारण सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असे.

वर्ष संपत आलं तोवर माझा थकवा इतका जुना झाला होता, की तो अंगात आहे हेच कळेनासं झालं. मीटिंगमध्ये मी उघड्या डोळ्यांनी झोपायचे. नवरा, बुद्धभूषण, अधूनमधून विचारायचा, "झेपतंय ना?" मी हो म्हणायचे. हो म्हटलं की माणसं विचारायची थांबतात, हा माझा अनुभव आहे.

आमच्या धंद्यात एक सवय असते. आठ दिवसांचं काम असेल तर दहा दिवस सांगायचे आणि दोन खिशात ठेवायचे. त्याला बफर म्हणतात. यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. घरातही मी तेच करत आले होते. पगारातला थोडा भाग, डब्यातली एखादी पोळी, अंगातलं थोडं बळ, काही ना काही नेहमी बाजूला. न सांगता येणारे पाहुणे, कुणाचा ताप, बंद पडलेला सर्व्हर, कशाला तरी ते लागायचंच.

काकांनी ते ओळखलं होतं. शर्यतीआधीच्या शेवटच्या सरावाला म्हणाले, "अहो चैतालीबाई, आपण पळता तेव्हा घरी गॅस चालू राहिल्यासारखं वाटतं. रविवारी शेवटच्या तीन किलोमीटरांत काही शिल्लक ठेवायचं नाही. कळलं?"

कळलं, मी म्हणाले. घरी आले तर सासूबाईंचा फोन चालू होता. त्यांचे भाऊ नागोरावमामा आणि मामी रविवारी दुपारी जेवायला येणार होते. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "नागोरावले तुह्याच हातची पाटोडी पाह्यजे." पाटोडी म्हणजे बेसन शिजवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, मग झणझणीत रस्सा. दोन तास ओट्याशी उभं राहायचं काम. त्यात रविवारीच संध्याकाळी ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. तरी मी "करते" म्हणाले. नाही म्हणायलासुद्धा अंगात ताकद लागते.

रविवारी सगळं जमून आलं होतं. हवा थंड होती, पाय मोकळे होते. अठराव्या किलोमीटरची पाटी आली तेव्हा घड्याळात माझ्याकडे पुरेसा वेळ होता, आणि तिथेच घात झाला. वेळ आहे म्हटल्यावर डोकं घरी गेलं. खोबरं भाजायचं राहिलंय. बेसन पुरेल का? गेल्या गेल्या आंघोळ, मग ओटा. पाय मी हळू केले नाहीत, शपथेवर सांगते. ते आपोआप झाले. मला वाटत होतं मी तशीच पळते आहे.

दोन तास आणि चाळीस सेकंद.

काका रेषेपलीकडे उभे होते. आजूबाजूची माणसं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती, कुणी गवतावर आडवं झालं होतं. मी ताठ उभी होते. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला टोमणा हवा होता, खरंच हवा होता. पण ते अगदी हळू बोलले.

"आपल्याला धापसुद्धा लागलेली नाही हो."

रिक्षात बसून मी घरापर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. हरण्याचं दुःख मी पचवलं असतं. पण पायात बळ शिल्लक ठेवून मी हरले होते, आणि ते कुणासाठी, तर बेसनाच्या वड्यांसाठी!

दार उघडलं तर घरभर रश्श्याचा वास. ओट्यावर खानावळीचे डबे मांडलेले.

"परवाच सांगून ठेवलं होतं," बुद्धभूषण हसत म्हणाला. "तू दमून येणार, उभी कशी राहशील? आई म्हणाली, तिला आधी सांगू नको, उगाच नको म्हणेल."

मामा-मामी सोफ्यावर बसले होते. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. आजवर त्यांनी मला असं कधी बसवलं नव्हतं. "आज कायलेच हात लावू नको, माय," त्या म्हणाल्या.

"आई, झालं का दोन तासांत?" अपेक्षाने विचारलं.

"नाही ग."

"लय थकली असशीन," सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

"नाही हो आई. थकलेच नाही मी," एवढं म्हणाले आणि मला हुंदका आवरेना. पाहुण्यांसमोर मी मोठ्याने रडले.

सगळ्यांना वाटलं, बिचारी फार दमली. मामींनी उठून पंखा वाढवला.